गोगलगायी मात्र मजेत

सोमवार, ३ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तू "काय? काय?" करतोस आणि मी "काही नाही, काही नाही" करते, त्यापेक्षा हे बरं. कागद तुला नीट ऐकू येतो.

आधी चांगली बातमी. नोकरी अजून आहे. दोन महिने झाले, आई कॅलेंडरवर फुल्या मारते. शिंप्याकडे मी नऊ दिवस टिकले होते, कारण एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही खिसे शिवून बंद केले. फोटो स्टुडिओत तीन आठवडे. तिथे पासपोर्टच्या फोटोला "हसू नका" असं सांगायचं असतं. मी सांगायचे, आणि मग कॅमेऱ्यामागून तोंडं करायचे. आईने आता शेवटचं सांगितलंय, ही नोकरी गेली की बॅग भरायची आणि काकाकडे जायचं. त्याच्या गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवायची. काका आठ वाजता घरातले दिवे घालवतो, तुला माहितीये.

इथे दातांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या टेबलावर असते. नंबर लावते, फोन घेते, फायली हरवते आणि शोधून देते. डॉक्टरीणबाई कडक आहेत. मी त्यांचं नाव पक्कड ठेवलंय, मनातल्या मनात. दोन महिन्यांत त्या एकदाही हसलेल्या नाहीत. दात असतीलच, पण पुरावा नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे माणसं दुखतंय म्हणून येतात. इथे गंमत चालायची नाही."

आता वाईट बातमी. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्या मधल्या भिंतीत माशांची टाकी बसवलीये, चार फुटी. दोन्हीकडून दिसते. बाहेर घाबरून बसलेले बघतात, आत आ करून पडलेले बघतात. अकरा निऑन आहेत, ते निळी-लाल रेघवाले बारके, आणि एक म्हातारा एंजल. तो रोज सकाळी काचेशी येऊन मी किती वाजता आले ते बघतो, म्हणून त्याचं नाव मुकादम. शिवाय गोगलगायी, त्या मोजत नाही कुणी. टाकी बाईंनी माझ्याकडे दिलीये. देताना म्हणाल्या, "मासे गेले तर तूही गेलीस." त्या थट्टा करत नाहीत हे वर लिहिलंच आहे.

तर मंगळवारपासून मासे बरे नाहीत. कोपऱ्यात घोळका करून लटकतात. पर अंगाला चिकटवलेले, थंडी वाजल्यासारखे. मुकादम काचेशी येत नाही.

तू तीस वर्षं माशांचं दुकान चालवलंस. आता ताईकडे पाचव्या मजल्यावर नुसता बसलायस, आणि पाणी सांडून लाकडी फरशी फुगते म्हणून ताई टाकी ठेवू देत नाही. तेव्हा वेळ आहेच तुला. सांग काय झालंय.

तुझी
भिंगरी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माशांसाठी आणि एकदा पँटच्या खिशांसाठी. ताईने विचारलं, बाबा, एवढं काय हसताय. म्हटलं, पत्रात दातांचं आहे.

मासा सांगत नाही कुठे दुखतं. दुकानात लोक यायचे आणि म्हणायचे, मासा आजारी आहे, औषध द्या. मी म्हणायचो, आधी पाण्याची चौकशी, मग माशाची. निम्म्या लोकांना राग यायचा. त्यांना बाटली हवी असायची.

तेव्हा बाटली नाही, चौकशी. सगळे एकदम मलूल झाले का एकामागून एक? अंगावर मिठाचे कण उडाल्यासारखे पांढरे ठिपके आहेत का? कापसासारखं काही? वर येऊन तोंड मारतात का? पाण्याला वास कसला येतो, नाक जवळ नेऊन बघ, लाजू नको. पाणी कधी बदलतेस, कुठलं घालतेस, घातल्यावर काय होतं? आणि गोगलगायींचं काय चाललंय, हे मला नक्की कळव. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांनाच सगळं माहीत असतं.

शेवटचं. जगात कुणालाही काहीही थाप मार, पण मला एवढं खरं सांग. टाकीत नवीन काय गेलं?

मामा


सोमवार, १० फेब्रुवारी

मामा,

सगळे एकदम. ठिपके नाहीत, कापूस नाही. वर येत नाहीत, पण कल्ले भराभर हलतात, जिना चढून आल्यासारखे. मधूनच एखादा दगडाला अंग घासतो. वास ओल्या मातीचा, म्हणजे रोजचाच.

पाणी दर शनिवारी तिसरा हिस्सा बदलते. बाईंच्या औजारांच्या यंत्राला फिल्टरचं पाणी लागतं, तेच टाकीत, त्यात थोडं नळाचं. बदललं की रविवारपर्यंत बरे दिसतात. सोमवारी पुन्हा कोपरा.

काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी किनार धरलीये. नखाने खरवडावी लागते.

गोगलगायी मात्र मजेत. एवढ्या चकचकीत कधी नव्हत्या. अंडीसुद्धा घातलीत.

टाकीत नवीन काहीही गेलेलं नाही.

शनिवारी एक निऑन गेला. आता दहा आहेत. बाईंनी मोजले नाहीत अजून.

भिंगरी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंगरी,

निऑनचं वाईट वाटलं. बाकीच्यांचं बघू.

तुझ्या पत्रातून मला दोन गोष्टी कळल्या, आणि एक न लिहिता कळली.

पहिली गोगलगाय. टाकीत विषारी काही पडलं असतं, फवाऱ्याचं औषध, काच पुसायचं पाणी, तांब्याचं काही, तर सगळ्यात आधी गोगलगायी गेल्या असत्या. त्या तर बाळंत झाल्या. म्हणजे पाण्यात जे वाढलंय ते माशांना सोसत नाही आणि गोगलगायींना शंख बांधायला उपयोगी पडतं. काचेवरची पांढरी किनार तेच सांगते. पाणी जड झालंय बहुतेक. तुझे मासे हलक्या पाण्यात वाढलेले. आपल्याला उद्यापासून रोज दोन गोण्या पाठीवर घेऊन जिना चढायला लावला तर कसं होईल, तसं झालंय त्यांचं.

दुसरी, पाणी बदलल्यावर दीड दिवस बरं आणि मग पुन्हा तेच. म्हणजे नव्या पाण्यात खोट नाही. टाकीत काहीतरी बसलंय आणि ते हळूहळू विरघळतंय.

आता खात्री करू. कपड्याचा वडीचा साबण घे, साधा. पावडर नको, ती गटाराच्या पाण्यातही फेसाळते. साबणाचा कीस पाड. दोन सारख्या बाटल्या घे, एकीत फिल्टरचं पाणी, एकीत टाकीतलं. दोन्हीत चिमूटभर कीस टाकून खळाखळा हलव. जड पाण्याला फेस येत नाही, वर नुसती मळकट साय येते. मी काल इथेही करून बघितलं. नळाच्या पाण्याला चार बोटं फेस आला, माशाच्या पाण्याला तीन. तेवढा फरक चालतो.

न लिहिता कळलेली गोष्ट अशी, की तुझ्या पहिल्या पत्रात पानाला चार विनोद होते. दुसऱ्यात एक, तोही जिन्याचा. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलीयेस.

मामा


सोमवार, १७ फेब्रुवारी

मामा,

मी कोपऱ्यात नाही, टेबलावर आहे.

साबणाचं केलं. दुपारी बाई जेवायला गेल्या तेव्हा. फिल्टरच्या बाटलीत एवढा फेस की बूच उडालं आणि एका आजोबांच्या फाईलवर पडलं. टाकीच्या बाटलीत काही नाही. शपथ, काही नाही. हलवून हलवून हात दुखला, वर नुसता चिकट चोथा. मामा, तू पाच मजले वर, शेकडो कोस लांब बसून हे ओळखलंस. मला दोन मिनिटं भीतीच वाटली तुझी.

आता मला आठवतंय, की एखाद्या पोराने शिंपला टाकला असेल टाकीत. पोरं काहीही टाकतात. शिंपल्यानेही होतं ना असं? मी वरवर शोधला, सापडला नाही. लाकडाचा मोठा ओंडका आहे, त्याच्यामागे दाट झाड आहे, तिथे माझा हात पोचत नाही. खरं सांगायचं तर पोचवत नाही. तिथे मी पाण्याची नळीही कधी घालत नाही.

आणखी एक निऑन गेला. नऊ. मुकादमाने तीन दिवस खाल्लेलं नाही. आज सकाळी बाई टाकीसमोर उभ्या राहिल्या, बोटाने मोजलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आईने काकाला फोन करून ठेवलाय, "सहज", म्हणे.

एक विचारायचं राहिलं. तू लिहिलंयस, माशाच्या पाण्याला तीन बोटं फेस. कुठल्या माशाच्या?

भिंगरी


गुरुवार, २० फेब्रुवारी

भिंगरी,

ते सोड. शेजाऱ्यांच्या असेल.

शिंपल्यानेही पाणी जड होतं, बरोबर आहे तुझं. पण जडपणा दोन जातींचा असतो. शिंपला, चुनखडी, संगमरवर यांच्यामुळे आलेला जडपणा उकळल्यावर भांड्याच्या बुडाशी बसतो. वरचं पाणी पुन्हा हलकं होतं, साबणाला फेस येतो. दुसऱ्या जातीचा उकळून हटत नाही. कितीही उकळ, ढिम्म.

तेव्हा टाकीतलं पातेलंभर पाणी अर्धा तास उकळ. गार होऊ दे. वरचं हलकेच ओतून घे आणि साबणाचा खेळ पुन्हा कर.

सोबत एक चिठ्ठी घडी करून, डिंकाने चिकटवून ठेवलीये. बाटली हलवून झाल्यावरच उघड. फेस आला तर न उघडता फाडून टाक आणि शिंपला शोध. आधी उघडशील हे मला माहीत आहे, म्हणून डिंक दोनदा लावलाय.

मामा

(चिठ्ठी)

फेस आला नाही ना? मग तो शिंपला नव्हे, प्लास्टर आहे. दातांच्या दवाखान्यात पोत्याने असतं. काय टाकलंस, कवळीचा साचा? वरचा का खालचा?

मला सांगू नकोस. मला कळलंय. बाईंना सांग.


सोमवार, २४ फेब्रुवारी

मामा,

वरचा आणि खालचा, दोन्ही.

चिठ्ठी मी बाटली हलवल्यावरच उघडली. आधी उघडायला गेले होते, पण तुझा डिंक. फेस आला नाही. मी चिठ्ठी वाचली आणि टेबलाखाली जाऊन बसले. फोन वाजत होता, वाजू दिला.

आता सगळं खरं. जानेवारीत, चोवीस तारखेला, बाई लवकर गेल्या होत्या. त्यांच्या कपाटात लोकांच्या दातांचे पांढरे साचे असतात, जुने टाकून देतात. त्यातला एक मोठा जबडा मी घेतला, वरचा-खालचा तारेने जोडला आणि टाकीत मधोमध ठेवला. मासे आत शिरायचे आणि दातांमधून बाहेर यायचे. मुकादमाने आधी बराच वेळ तपासला, मग मान्य केला. सोमवारी एक पोरगी आली होती, सहा-सात वर्षांची. गेल्या वेळी तिने तोंडच उघडलं नव्हतं, आईला चावली होती. तिने टाकी बघितली आणि हसत सुटली. हसतच आत गेली. आता बाई बाहेर येऊन मला फाडून खाणार, म्हणून मी वाट बघत बसले. पण काहीच नाही. बहुतेक त्यांनी बघितलंच नाही.

मंगळवारी मासे मलूल दिसले. संध्याकाळी जबडा काढला, फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकला. म्हणून मी तुला म्हटलं, टाकीत काही नाही. नव्हतंच रे. मी काढून टाकल्यावरही मासे बिघडतच गेले, मग मला वाटलं जबड्याचा काय संबंध. उगाच कशाला कबूल करा.

तुझी चिठ्ठी वाचल्यावर मात्र कोडं पडलं. प्लास्टर मी काढलंय. चार शनिवार पाणी बदललंय. मग हे विरघळतंय काय?

काल रविवार, मी एकटी बसून विचार केला. शेवटी आज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी बाईंसमोर उभी राहिले. म्हटलं, "बाई, टाकीत जबडा मी टाकला होता. प्लास्टरने पाणी जड झालं. दोन मासे माझ्यामुळे गेले. आता मी पण जाते, पण जाण्याआधी एक समजत नाही, की तो मी महिन्यापूर्वीच काढलाय."

मामा, बाई उठल्या, दाराला आतून कडी लावली. ॲप्रनची बाही खांद्यापर्यंत वर केली. आतल्या बाजूने टाकीचं झाकण उघडलं, ओंडक्याच्या मागे हात घातला आणि एक एवढासा जबडा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा हात घातला, दुसरा. मग तिसरा, तो अर्धा विरघळून बोरासारखा झालेला.

मी म्हटलं, "हे कुणाचे?"

त्या म्हणाल्या, "दुधाचे दात आहेत. लहान आहेत, म्हटलं दिसणार नाहीत तुला."

झालं असं होतं. त्या पोरीने हसत तोंड उघडलं तेव्हा बाईंनी मागे वळून टाकीत बघितलं होतं. त्यांच्या पंधरा वर्षांत एवढं सरळ काम झालं नव्हतं, म्हणे. बुधवारी जबडा गायब. पोरं विचारायला लागली. मला विचारावं तर "इथे गंमत चालायची नाही" हे त्यांचंच वाक्य. मग त्यांनी स्वतःचा ठेवला, खुर्चीवरून दिसेल असा आणि माझ्या टेबलावरून दिसणार नाही असा. मऊ पडला की नवीन. प्लास्टर एवढं घट्ट असतं, पाण्यात काय होणार, असं वाटलं त्यांना.

मी म्हटलं, "मग त्या दिवशी मासे मोजून माझ्याकडे का बघितलंत?"

"तुला कळलंय का ते बघत होते," त्या म्हणाल्या.

आणि हसल्या. मामा, पुरावा मिळाला. समोरचे दोन दात एकावर एक आहेत. स्वतःचे नीट करायला वेळ मिळाला नाही म्हणाल्या.

आता लवकर लिही. मी आजच सगळं पाणी काढून हलकं पाणी भरायला निघाले होते. बाई म्हणाल्या, थांब, तुझ्या मामांना विचार.

भिंगरी

ता. क. तुझ्या शेजाऱ्यांकडे मासे नाहीत. मी ताईला फोन करून विचारलं. घाबरू नको, आडून विचारलं.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. थांबवलं ते देवासारखं केलं. आजारापेक्षा घाईच्या उपायाने गेलेले मासे मी जास्त बघितलेत. महिनाभर जड पाण्यात राहून त्यांचं अंग आता त्याला धरून बसलंय. एकदम हलकं पाणी मिळालं तर पुन्हा धक्का. रोज सकाळी दोन जग काढायचे, दोन जग घालायचे, तेही एका धारेने, हळू. दोन आठवडे. मुकादमाला चार दिवस काही खायला देऊ नको, मग एकच दाणा. त्याने घेतला तर वाचला.

ओंडक्यामागे हात घालायला शीक. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात सगळे मोठे शोध हात पोचत नाही तिथेच लागलेत.

तू सांगितलंस, बाईंनीही सांगून टाकलं. आता माझंच राहिलं. हो, आहे एक. फायटर मासा, निळा. न्हाणीघरात, बादल्यांच्या मागे, मोठ्या बरणीत. दिवाणखान्यात ऊन असतं, तिथे ठेवायला हवा खरं तर. ताई सकाळी कामाला गेली की मी त्याला खिडकीशी आणतो आणि ती यायच्या आत परत ठेवतो. सहा महिने झाले. ताईला सांगू नकोस. तिचं घर आहे, तिने एकच गोष्ट नको म्हटली होती आणि मी तीच आणली. आता सांगायला तोंड नाही. तुझ्यासारखं नाही माझं, या वयात मला बाही वर करून दार लावणारं कोण भेटणार.

मामा


बुधवार, १२ मार्च

मामा,

मुकादमाने दाणा घेतला. आधी तोंडात घेऊन थुंकला, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा घेतला. काल सकाळी मी दहा मिनिटं उशिरा आले तर काचेशी हजर. नऊच्या नऊ निऑन रांगेने फिरतायत. काचेची किनार मी खरवडून काढली, आणि काल साबणाची बाटली हलवली तर चार बोटं फेस. बाईंनी स्वतः बोटं लावून मोजला.

नोकरी आहे. आईने फुल्या मारणं सोडलंय. काका म्हणाला, लेबलं दुसरं कुणी चिकटवेल.

टाकीत पुन्हा जबडा आहे. दचकू नको. कवळी ज्या गुलाबी प्लॅस्टिकची करतात त्याचा आहे, बाईंनी दोन दुपारी बसून घडवला. त्या म्हणाल्या, हे माणसाच्या तोंडात वीस वर्षं राहून विरघळत नाही, माशाला काय करणार. तरी मी आठ दिवस बादलीत भिजवला आणि रोज साबण हलवून बघितला. चौकशी आधी, हे तूच शिकवलंस. मुकादम आता आतच झोपतो, तोंड पुढच्या दातांतून बाहेर काढून.

उरलेल्या मटेरियलमध्ये एक छोटा झाला. बरणीत मावेल एवढा. पार्सलने पाठवलाय.

भिंगरी


मंगळवार, १८ मार्च

भिंगरी,

पार्सल पोचलं. त्यावर नाव ताईचं होतं.

तुला शिंप्याने नऊ दिवस तरी कसं ठेवलं हे मला कळत नाही.

ताईने जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं. आत कापूस, कापसात गुलाबी दात. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, हे कुणाचे?" माझे म्हणावं तर माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, तिच्यासमोर सुपारी फोडतो मी. म्हटलं, चल दाखवतो.

न्हाणीघरात नेलं. बादल्या बाजूला केल्या. बरणी उचलून तिने दिवाणखान्यात नेली, मला वाटलं, आता जिन्याने खाली. तिने ती खिडकीशी टेकवली, खाली जाड टॉवेल घातला, फरशीसाठी. मग बाही वर केली आणि दात आत सोडले.

फायटर एकदा फिरून आला. पुन्हा एकदा. ताई गुडघ्यावर बसून बघत होती. चहा गार झाला तिचा. मी मागे उभा, आता बोलणी बसणार म्हणून तयारीत.

ती म्हणाली, "बाबा, हा प्रत्येक वेळी डावीकडूनच का वळतो?"

सहा महिने मी त्याला रोज खिडकीशी आणतोय. माझ्या लक्षात आलं नव्हतं ते. पर बघितले, दोन्ही सारखे. डोळे बघितले. पाणी हलवून बघितलं. आज सकाळी तिने कामावर जायच्या आधी पुन्हा मोजलं, बारा वेळा वळला, बाराही वेळा डावीकडून.

मला माहीत नाही, भिंगरी. तुला काय वाटतं?

मामा